पूल काढला, माणसं राहिली

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही तांदळाच्या दाण्याएवढे झाला आहात. दाणा उभा धरला तर जेवढा उंच, तेवढेच. तुमच्यासमोर वीतभर रुंदीचा रस्ता आहे. वीत मोठ्या माणसाची, तुमची नव्हे. त्या रस्त्यावरून काडेपेटीएवढ्या बसगाड्या चालल्या आहेत, छोट्या खोडरबराएवढ्या मोटारी चालल्या आहेत, आणि त्यांच्यातली एकही थांबत नाही. रस्त्याच्या पलीकडे तुमची शाळा आहे.

सांगा, कसे जाल?

घाई नको. विचार करत राहा, आणि तोवर भिंगरीचं काय झालं ते ऐका.

भिंगरी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. एका जागी बूड टिकत नाही म्हणून आत्याने ते ठेवलं आणि तेच चिकटलं. तिचे आई-बाबा रोज महामार्गावरून बसने शहरात कामाला जायचे. बस अशी अडकायची की बाबा म्हणायचे, "मी घरी म्हातारा होणार नाही, या बसमध्येच होणार." म्हणून शाळा सुटली की भिंगरी आत्याकडे.

आत्या मॉडेल बनवायची. कोणाला इमारत बांधायची असेल, बाग करायची असेल, तर ती आधी आत्याच्या टेबलावर उभी राहायची. तिच्या दोन खोल्यांत माणसांना बसायला जागा नसायची, कारण खुर्च्यांवर टेकड्या वाळत ठेवलेल्या असायच्या. पुठ्ठा, पातळ लाकूड, तार, धारदार पाती, आणि झाडं करायला हिरव्या रंगात बुडवलेला स्पंज. डिंकाचा वास तर आत्याच्या पदरालाही यायचा.

या कामात आत्याचा एक हट्ट होता. "माझ्या मॉडेलमधला प्रत्येक माणूस कुठेतरी निघालेला असतो," ती म्हणायची. "शोभेला म्हणून मी कोणाला उभं करत नाही. आधी ठरवायचं हा कुठे चाललाय, मग चिकटवायचा."

तर एक दिवस आत्याकडे महामार्गाचं काम आलं. चार पदरी रस्ता आठ पदरी होणार होता.

आता रस्ता रुंद करायचा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, की फावडी-घमेली घेऊन माणसं आली आणि लागली कामाला. तसं नसतं. सुरुवातीला रस्त्यावर काहीच होत नाही, सगळं टेबलावर होतं. कोणीतरी मोजमाप घेतं, कोणीतरी नकाशा काढतं, मग कोणीतरी सगळ्याची बेरीज करतं आणि डोक्याला हात लावतं. एवढे पैसे सरकारच्या एका खिशात नसतात. मग काही सरकार देतं, आणि उरलेले एखाद्या मोठ्या बँकेकडून कर्जाने घेतात. ते कर्ज पुढे टोलनाक्यावर तुमच्या-माझ्याकडूनच फेडून घेतात. बँक मात्र डोळे झाकून पैसे देत नाही. ती आधी बघायला येते. तिला दाखवायलाच हे मॉडेल हवं होतं.

महामार्ग कार्यालयाचे साहेब नकाशांची गुंडाळी घेऊन आले तेव्हा भिंगरीने आधी शाळा शोधली. सापडली. मग घर शोधलं. तेही सापडलं. दोन्हींच्या मधोमध महामार्ग.

"इथला सिग्नल कुठे गेला?" तिने विचारलं.

"सिग्नल काढणार. गाड्यांनी थांबायचंच नाही, हीच तर गंमत आहे," साहेब म्हणाले. "तुमच्यासाठी हा बघ पादचारी पूल. जिने, कठडे, वर छप्पर. ऐटीत जा."

भिंगरीला पूल फार आवडला. आत्याने तारेचे कठडे वाकवले, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बसवल्या. माणसांचं काम भिंगरीकडे आलं. काडीच्या टोकाने तिने प्रत्येकाला रंग दिला. लाल दप्तरवाली ती स्वतः. तिच्या मागे कायम शेवटी पोचणारे जुळे भाऊ. काठी घेतलेले घंटेवाले काका, जे शाळेची घंटा वाजवायचे आणि राहायचे मात्र रस्त्याच्या अलीकडे.

"काकांना उशीर झाला तर घंटाच होणार नाही," भिंगरी म्हणाली आणि त्यांना पुलावर सगळ्यांच्या पुढे चिकटवलं. काही माणसं जिन्याच्या पायथ्याशी, काही पलीकडच्या शाळेच्या फाटकापाशी. सगळी कुठेतरी निघालेली.

बँकेची माणसं यायच्या आदल्या दिवशी साहेब पुन्हा आले. या वेळी गुंडाळी नव्हती. उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, एवढा पूल काढून टाका."

आत्याने पातं खाली ठेवलं. "कुठला पूल?"

"हाच. खर्चाचा अंदाज वाढला. बँक म्हणते एवढेच देऊ, वर छदाम नाही. कात्री लावावी लागली. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात ना."

"अंथरूण तुमचं आणि पाय आमचे कापायचे?" आत्या म्हणाली.

साहेब हसले. "कापलं कुठे? पुढच्या टप्प्यात टाकलंय."

"आणि पुढचा टप्पा कधी?"

"पैसे आले की."

"साहेब, दुकानात पाटी असते, आज रोख, उद्या उधार. वाचलीय ना? उद्या गेलं तरी पाटी तीच असते."

भिंगरी इतका वेळ मॉडेलच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिथे महामार्गावर एक भलीमोठी कमान होती. स्वागत कमान. या काठापासून त्या काठापर्यंत, वर दिव्यांच्या माळा.

"ही कमानपण काढायची?" तिने विचारलं.

"छे! कमान मंजूर आहे. गावाची शोभा आहे ती."

"म्हणजे कमान रस्ता ओलांडणार आणि आम्ही नाही?"

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. "पोरगी बोलकी आहे हो तुमची."

"घरात सगळे तसेच आहेत," आत्या म्हणाली. "तिला जरा कमी येतं."

"मग आम्ही जायचं कुठून?" भिंगरीने सोडलं नाही.

"उड्डाणपुलाखालून रस्ता आहे की. दोन बसथांबे पुढे जायचं, खालून पलीकडे, आणि दोन थांबे मागे यायचं. चालल्याने तब्येत चांगली राहते, बाळ."

"तुम्ही कशाने आलात?"

साहेब गाडीने आले होते. ते म्हणाले, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये," आणि निघून गेले.

भिंगरीला वाटलं, आता आत्या नाही म्हणेल. पण आत्याने पातं उचललं आणि पुलाच्या पहिल्या खांबाखाली घातलं.

"आत्या! तू त्यांचं ऐकतेस?"

"ऐकते. काम त्यांचं आहे. पूल होणार नसेल तर मी तो दाखवणार नाही. खोटं मॉडेल माझ्या हातून जायचं नाही." तिने पूल अलगद उचलून कपाटावर ठेवला. त्यावरची माणसं एकेक करून सोडवली आणि जिना होता तिथे, रस्त्याच्या काठावर, उभी केली. "आणि माणसं तर आहेतच. ती काही पुढच्या टप्प्यात जन्माला यायची नाहीत. त्यांना शाळेत जायचंय ते जायचंच आहे."

भिंगरीने खाली वाकून पाहिलं. लाल दप्तरवाली, जुळे, काठीवाले काका, सगळे रस्त्याला नाक लावून उभे. ती तशीच वाकून बघत राहिली. भिंगरी गप्प बसली की घरात सगळ्यांना धडकी भरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगर सभागृहात मॉडेल मांडलं. पांढरं टेबलपोस, पाण्याच्या बाटल्या, पेले, भिंतीवर रस्त्याचं मोठं चित्र. चित्रात आकाश निळंशार होतं आणि गाड्यांची एकदाही रांग लागली नव्हती. गावातली पुष्कळ माणसं जमली होती, आई-बाबाही खास रजा काढून आले होते. बाबांनी मॉडेल पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आठ पदर! भिंगरे, आता मी संध्याकाळच्या जेवणाला वेळेवर." मग त्यांची नजर काठावरच्या माणसांवर गेली आणि तिथेच थांबली.

बँकेच्या मॅडम आल्या. साहेब पुढे, हातात लांब काठी. काठीच्या टोकाने ते पदर दाखवत होते, टोलनाका दाखवत होते, कमान दाखवत होते. टेबलाभोवती सगळे ताठ उभे राहून वरून बघत होते. वरून पाहिलं की तांदळाएवढी माणसं काय दिसणार? रांगोळीचे ठिपके.

"असं नाही," भिंगरी म्हणाली. "खाली बसून बघा."

साहेब दचकले. "ही इथे कशी?"

"मी माणसं केलीत," भिंगरी म्हणाली. मग मॅडमना म्हणाली, "टेबलाच्या काठाला हनुवटी लावा. तेव्हा कळतं."

मॅडमनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग चष्मा सारखा केला, गुडघे टेकले आणि हनुवटी टेबलाला लावली. त्यांच्या डोळ्यांसमोर आता रस्ता आडवा पसरला होता, नदीसारखा. अलीकडच्या काठावर माणसं.

"ही कुठे निघालीत?" त्यांनी विचारलं.

"शाळेत."

"आणि जाणार कुठून?"

"ते साहेबांना विचारा. काल पूल होता. तुम्ही पैसे कमी दिलेत म्हणून काढला."

सभागृहात कोणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, बँकेनेच खर्च कमी करायला सांगितला होता."

मॅडम उठल्या, गुडघे झटकले. "आम्ही आकडा सांगितला. काय कापायचं ते तुम्ही ठरवलंत. आकडा आमचा, कात्री तुमची."

"म्हणजे कोणीच काढला नाही," भिंगरी म्हणाली. "पूल आपला आपणच निघून गेला!"

बाबा हसले. मोठ्याने, एकटेच. मग मागच्या रांगेतून आणखी कोणी हसलं, आणि मग बरेच जण.

"आणि ही कमान?" मॅडमनी साहेबांच्या काठीच्या टोकाकडे पाहत विचारलं. "हिचा खर्च कशात धरलाय?"

साहेबांनी ते ऐकलंच नाही. किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. ते आत्याकडे वळले. "ताई, पूल काढायला सांगितला होता ना? मग ही माणसं कशाला ठेवलीत? लोकांचा उगाच गैरसमज होतो."

"पूल काढायला सांगितलात, काढला. माणसं काढायचं बोलणं झालं नव्हतं."

"मग आता सांगतो. उचला."

"मी नाही उचलणार."

"पुढची कामं हवीत ना तुम्हाला आमच्या कार्यालयाची?"

आत्याचा हात टेबलावर होता. बोटांवर जुन्या डिंकाचे पापुद्रे. ती म्हणाली, "हवीत. तरी नाही उचलणार."

तेव्हा साहेबांनी स्वतःच बाही सरकवली. एकेक माणूस नखाने उपटला आणि रिकाम्या पेल्यात टाकला. लाल दप्तरवाली गेली. जुळे गेले, एकाचा पाय रस्त्याच्या काठावरच राहिला. काठीवाले काका सगळ्यांत घट्ट चिकटले होते, त्यांना दोन झटके द्यावे लागले. काठ स्वच्छ झाला. साहेबांनी पेला भिंगरीच्या हातात दिला. "घे बाळ. तुझी खेळणी. आता कसं, नीटनेटकं दिसतंय."

सगळे भिंगरीकडे बघत होते. मॅडम बघत होत्या, आई बघत होती. ती रडेल असं पुष्कळांना वाटलं असावं.

भिंगरीने पेला टेबलावर ठेवला आणि आत्यापुढे हात केला. आत्याने न विचारता पिशवीतून डिंकाची बाटली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

मग भिंगरीने काठीवाल्या काकांना उचललं. त्यांच्या पायांना डिंकाचा मोठा थेंब लावला. काठावर नाही, तिने हात आणखी पुढे नेला आणि त्यांना महामार्गाच्या पहिल्या पदरात, काडेपेटीएवढ्या बसच्या अगदी समोर, घट्ट दाबून उभं केलं. बोट तसंच धरून ठेवलं, डिंक धरेपर्यंत. मग एका पायाचा जुळा दुसऱ्या पदरात. त्याचा भाऊ त्याला धरून तिसऱ्यात.

आणि मग रस्त्याच्या बरोबर मधोमध, बाटलीतला उरलेला सगळा डिंक ओतून, लाल दप्तरवाली.