पाकिटातलं मीठ आणि गळ्यातली मी

ऑक्टोबरअखेरची सकाळ, साडेसात. रोमानियातल्या अपुसेनी डोंगरातलं पोयाना रेचे गाव. सावेताच्या स्वयंपाकघरात तिची सून व्हेतुरिया, चार महिन्यांची गरोदर, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, मामालिगा, ढवळता ढवळता उभ्यानेच पेंगली. हात तापल्या शेगडीला लागला आणि तिला कळायच्या आत मागे आला.

हात मागे घेतला तो मज्जातंतूंनी. त्यांचं काम क्षणाचं. पण ती पेंगली का, याचा जाब मला द्यावा लागतो. मी तिची थायरॉईड ग्रंथी बोलतेय, श्वासनळीला बिलगून बसलेली.

मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ती रक्तातून हुकूम सोडते, मी संप्रेरक बनवते; पुरेसं झालं की हुकूम थांबतात. व्हेतुरियाची ऊब, तिच्या काळजाचे ठोके, तिची जाग, सगळं त्यावर चालतं. सध्या पोटातल्या बाळाचा मेंदूही माझ्याच पुरवठ्यावर घडतोय. आणि मला त्यासाठी लागतं आयोडीन. ते इथल्या मातीत नाही, म्हणून मिठात घालतात.

उन्हाळ्यापासून हुकमांवर हुकूम येत होते. आयोडीन येत नव्हतं. राबून राबून मी सुजले. शेजारणी व्हेतुरियाला विचारू लागल्या, "गळ्यात अंडं अडकलंय का गं?"

मला संशय होता सावेताचा. इथे हिवाळ्यासाठी पिंपभर कोबी खारवतात, आणि आयोडीनच्या मिठाने तो लिबलिबीत होतो अशी गावातल्या प्रत्येक बाईची खात्री आहे. म्हणून घरोघरी खाणीतलं, आयोडीन नसलेलं खडेमीठ. संशय व्हेतुरियालाही होता. मी गळ्यात राहते, त्यामुळे घरातलं प्रत्येक भांडण माझ्यावरूनच जातं.

"आई, खरं सांगा. पाकिटातलं मीठ कोंबड्यांना आणि खाणीतलं मला, असंच ना?"

"तोंड सांभाळ, पोरी! डॉक्टरबाईंनी सांगितल्यापासून आयोडीनच्या मिठाचं निळं पाकीटच आणतेय. पोटात माझा नातू आहे."

"मग हा गळा बघा."

"गळा काय, तुझ्या माहेरच्या सगळ्यांचाच तसला!"

नोव्हेंबर संपताना सावेताने पिंप उघडलं. उघडण्याआधी छातीवर क्रॉसची खूण केली, कारण एक गोष्ट तिने शेजारणींपासून लपवली होती. कोबी भरताना खडेमीठ संपलं, दरड कोसळून रस्ता बंद होता, तेव्हा शिव्या घालत तिने निळी पाकिटंच पिंपात रिकामी केली होती. आता तिने पान काढून चावलं. करकर आवाज झाला. ती स्टुलावर बसून रडू लागली.

"चांगला झालाय की! मग रडताय कशाला?" व्हेतुरियाने विचारलं.

"अगं, चांगला झालाच कसा? त्या मिठाने याचा चिखल व्हायला हवा होता. पाकिटात आयोडीन नाहीच!"

कोबीचं हे शास्त्र खरं की खोटं, मला ठाऊक नाही. दोघी पाकीट घेऊन दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरबाई इलिंका तर हसल्याच. हसत हसतच त्यांनी तपासणीच्या औषधाचे थेंब स्वतःच्या घरच्या मिठावर टाकले. मीठ निळंजांभळं झालं, म्हणजे त्यात आयोडीन होतं. मग निळ्या पाकिटातल्या मिठावर टाकले. ते पांढरं ते पांढरंच राहिलं. हसू मावळलं.

"आजपासून आयोडीनच्या गोळ्या सुरू कर."

"माझ्या बाळाचं काय?"

"रोज एक, सकाळी."

"डॉक्टरबाई, मी बाळाचं विचारलं."

डॉक्टरबाईंनी गोळ्यांची डबी तिच्या हातात ठेवली.

आता मला कच्चा माल मिळतो. मी पुन्हा नीट कामाला लागले आहे, बाळ लाथा मारतं. पण त्याच्या डोक्याचे ते सुरुवातीचे महिने गेले, ते मला भरून देता येणार नाहीत. काय उणं राहिलं, ते जन्मल्यावर कळेल. माझी विनंती एवढीच: गळा फुगलेला दिसला तर सुनेला नावं ठेवू नका, सासूवरही ओरडू नका. आधी मीठ तपासा.

पाकिटावर 'आयोडीनयुक्त' असं ठळक छापलंय, शेजारी तपासणीचा शिक्काही आहे. शिक्का मारणाऱ्याने पाकीट उघडलं होतं का? दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी कारखान्याकडे. कारखान्याच्या पत्त्यावर सावेता स्वतः बसने जाऊन आली. तिथे मोटारींचे टायर बदलून देतात. पाकिटं भरली कुणी, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.