न दुखलेलं दुखणं

"पायांचं नाही विचारत मी. छातीचं विचारतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या शहादेवनं छातीवर आडवा हात धरला. "हितनं खाली काय बी कळत न्हाई, म्याडम."

खुर्चीमागे मनकर्णा उभी होती. मागच्या दुष्काळात विहीर आणखी खोल खणली, तेव्हा मोटार खाली सोडताना शिडी निसटली आणि तिचा नवरा शहादेव खडकावर पडला. मणका तुटला. तेव्हापासून रात्री उठून ती त्याला कुशीवर करायची, पाठीला जखम झाली का बघायची, लघवीची नळी बदलायची. वर्षं गेली, जखम झाली नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटू लागलं होतं. आज अंबाजोगाईला ती त्याला घेऊन नुसती तपासणीला म्हणून आली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "शरीर हलत नाही, म्हणून रक्तवाहिन्या अरुंद होतात. पायातल्या आधी, मग हृदयातल्याही. मणका तुटलेल्या माणसाला हे लवकर होतं. आणि यांना छातीत कळ येईलच असं नाही. घाम सुटेल, मळमळेल, धाप लागेल. तसं झालं तर क्षणभर थांबू नका. आणि औरंगाबादला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. लवकर."

परतताना जीपमध्ये शहादेव बाहेरची उघडी रानं बघत होता.

"चारा छावणी उठली की जाऊ," तो म्हणाला.

"कावून? बाई तर लवकर म्हनल्या."

"तू म्हशी घेऊन छावणीत. मी चार दिवस न्हाई गेलो तर संस्थेत दूध कोन घेनार? खासगी डेअरीवाला टपूनच बसलाय. बाया एक डाव तिकडं वळल्या की परत येत न्हाईत."

त्यात खोटं काही नव्हतं. गावात पाणी नव्हतं, पीक नव्हतं. चारा छावणीतल्या जनावरांचं थोडंफार दूध तेवढं होतं आणि ते घेणारी गावची दूध संस्था. चेअरमन अर्जुनरावांनी शहादेवला अपघातानंतर तिथं दूध मोजायला बसवलं होतं. त्या कामानं त्याला पुन्हा माणसांत आणलं होतं. मनकर्णा गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस तिला ते गप्प बसणं आठवत राहिलं.

जूनमध्येही आभाळ कोरडंच होतं. एका सकाळी दूध घेता घेता शहादेवचा सदरा ओला झाला. कपाळावरून, मानेवरून घाम निथळत होता.

"काय होतंय रं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"उकडतंय लई."

"तोंड पांढरं पडलंय तुझं. चल, केजला जाऊ."

"दुधाची गाडी येऊ द्या. दूध नासलं तर बायांनी कुनाकडं बघायचं?"

गाडी उशिरा आली. कॅन चढले, गाडी गेली. मग शहादेवनं हात मांडीवर ठेवले आणि तो बोलेनासा झाला.

त्याला केजला नेणारी जीप छावणीवरून गेली तेव्हा मनकर्णा शेणाच्या हातानंच आत चढली. वाटेत तिनं त्याचं डोकं खांद्याशी धरून ठेवलं. एकदा तो म्हणाला, "दुखत न्हाई गं काय." तिला धीर द्यायला म्हणाला की खरंच, ते तिला कळलं नाही.

केजच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "झटका सकाळीच येऊन गेला असणार. छातीत दुखतंय म्हणाले नाहीत का?"

"दुखत न्हवतंच त्यांला," मनकर्णा म्हणाली. "पन घाम आलता. आमाला सांगितलं हुतं बाईनं. घामाचं सांगितलं हुतं."

डॉक्टरांनी चादर शहादेवच्या तोंडावर ओढली.

दिवस घातल्यावर ती पुन्हा म्हशींकडं गेली. एका सकाळी दूध घेऊन स्वतः संस्थेत आली. रांगेतल्या बायांनी तिला पुढं जागा दिली. शहादेवच्या खुर्चीच्या उंचीनं कापून घेतलेल्या ठेंगण्या टेबलाशी अर्जुनराव उभे होते. साठीचा माणूस, प्रत्येक भांड्याला कमरेतून वाकत होता.

"टेबल उंच करून घ्या की आता," एक बाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," अर्जुनराव म्हणाले.

मनकर्णानं किटली पुढं केली. ते वाकले आणि दूध मापात ओतू लागले.