घरपट्टी तीन राज्यांची

"पलीकडचा किलोला साडेतीन दिऱ्हम म्हणतो," मुरलीधर कंग्राळकर म्हणाले. "आणि कोपऱ्यावरचा पावणेचार, पण पॅकिंग फ्री."

"मग तिकडंच द्या ना, अंकल," कार्गोवाला वासिफ कॅल्क्युलेटर बाजूला सारत म्हणाला. "सकाळपासून तिसऱ्यांदा आलात. माझा रेट चार. डोअर टू डोअर. खलास."

दुकानाच्या दारातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर गिरिजा बसून होती. पायाशी टेप मारलेली तीन खोकी. बाहेर रोल्ला बाजाराचा रस्ता जूनच्या उन्हात भाजून निघत होता. ती म्हणाली, "द्या ओ इथंच. आणि किती दुकानं फिरायची?"

पण तीन दुकानं फिरल्याशिवाय मुरलीधरांना चैन पडत नसे. त्यात त्यांचा दोष कमी, नोकरीचा जास्त. शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते परचेस असिस्टंट होते. सिमेंट असो की साहेबाच्या केबिनचा पडदा, तीन ठिकाणची कोटेशनं आणायची, एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची आणि सगळ्यांत स्वस्तावर खूण करायची. हे काम त्यांनी इतक्या इमानानं केलं की ते त्यांच्या हाडांत मुरलं. घरी कोथिंबिरीची जुडी आणायची, तरी तीन दुकानं. गिरिजा चेष्टेनं म्हणे, "लग्नाच्या वेळी माझ्याशिवाय आणखी दोन कोटेशनं घेतली होतीत की काय?" घेतली होती, हे सासूनं तिला कधीच सांगून टाकलं होतं.

आता साठी उलटली होती. कंपनीनं हार घातला, घड्याळ दिलं आणि व्हिसा कॅन्सलला टाकला. महिनाअखेरीला फ्लॅटची किल्ली परत करायची आणि बेळगावला जायचं. बाकी सगळं ठरलेलं होतं.

"ठीक आहे, चार," मुरलीधर म्हणाले.

"आता कसं! ॲड्रेस बोला," वासिफनं पेन उचललं. हा मूळचा श्रीवर्धनचा, त्यामुळे मराठी माणूस दिसला की खूश असायचा. "रिसीव्हरचं नाव, घराचा पत्ता."

मुरलीधरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. दराचा प्रश्न असता तर उत्तर त्यांच्या जिभेवर असतं. हा पत्त्याचा होता.

खरं म्हणजे ह्या पत्त्याची तयारी बारा वर्षांपूर्वीच झाली होती. कुवेतची लढाई नुकतीच संपलेली, माणसं धास्तावलेली, आणि जो तो गावाकडे घराचं बघायला लागलेला. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गिरिजानं ह्याच रोल्लातून एक पितळी पाटी करून आणली. वर मुरलीधर कंग्राळकर, खाली गिरिजा. कोरणारा मल्याळी होता, त्याला देवनागरीचा गंध नव्हता. तिनं मोठ्ठी अक्षरं काढून दिली आणि त्यानं ती चित्रासारखी जशीच्या तशी उतरवली. ती पाटी तिनं साडीत गुंडाळून बॅगेत सगळ्यांत खाली ठेवली.

"घराचा पत्ता नाही आणि पाटी कसली?" मुरलीधर हसले होते.

"मला एक दार पायजे," ती म्हणाली होती. "खिळा मारताना वॉचमनला विचारायला नको असलं एक दार. बस्स. मग घर एका खोलीचं असलं तरी चालतंय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शारजात त्यांनी चार फ्लॅट बदलले होते आणि प्रत्येक वेळी भिंतीच्या भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापून गेले होते. देवाची तसबीरसुद्धा ती फ्रीजवर टेकवून ठेवायची.

त्या सुट्टीत बेळगावला एका रिटायर्ड मास्तरांचा प्लॉट मिळत होता. टिळकवाडीच्या पलीकडे, कोपऱ्यावर आंब्याचं झाड. भाव वाजवी, कागद चोख. गिरिजा धाकट्या बहिणीला, लतिकाला, घेऊन तिथं गेली आणि पूर्वेच्या अंगाला तीन दगड मांडून आली. "हितं माझं स्वयंपाकघर," तिनं लतिकाला सांगितलं. दोघी बहिणी दगडांपाशी उगाचच बराच वेळ बसल्या होत्या.

मुरलीधरांनी मास्तरांना विचारलं, "इथं घरपट्टी किती बसते?"

मास्तरांनी सांगितली. मालक स्वतः राहत असेल तर थोडी सूट, हेही सांगितलं.

"कोल्हापूरला घरफाळा ह्यापेक्षा कमी पडतो म्हणतात," मुरलीधर म्हणाले. "आणि गोव्यात पंचायतीची पट्टी तर नावालाच. राज्य बदललं की नियम बदलतात. सवलतीचेही. शिवाय बेळगाव उद्या महाराष्ट्रात गेलं, तर हा सगळा हिशेब फिरणार. जरा निकाल लागू दे."

मास्तर खो-खो हसले. "अहो कंग्राळकर, त्या निकालाची वाट बघता बघता माझे केस पिकले. तुम्ही घर बांधा. ते कुठल्या राज्यात आहे ते मागनं बघू."

मुरलीधरांना हे बोलणं बेजबाबदार वाटलं. दोन कोटेशनं यायची असताना पहिल्यावर खूण करणारा माणूस कंपनीत आठवडाभर टिकला नसता. ते शारजाला परतले, पत्रं लिहिली, ओळखीपाळखीच्यांना विचारलं, आणि एका कागदावर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा असे तीन रकाने आखले. पाटीही परत आली, त्याच साडीत.

त्यांचा जोडीदार मुश्ताक कंपनीच्या स्टोअरला होता. रत्नागिरीकडचा, मोठ्या तोंडाचा आणि मोठ्या मनाचा. त्यानं तो कागद जेवणाच्या सुट्टीत पाहिला.

"फरक कितीचा पडतो, मुरलीभाई?"

"वर्षाला चाळीस दिऱ्हम. म्हणजे आपले पावणेतीनशे-तीनशे रुपये."

"या खुदा! चाळीस दिऱ्हमसाठी प्लॉट थांबवलास? बिर्याणीचे पैसे ते!"

"प्रश्न एका वर्षाचा नाही. जन्मभराचा गुणाकार कर."

"तू गुणाकार कर. मी बांधतो," मुश्ताक म्हणाला, आणि त्यानं खरंच गावाला घर बांधलं. कुणाला काही विचारलं नाही. पहिल्याच पावसात ते तीन ठिकाणी गळलं, आणि तरी मुश्ताक त्याचे फोटो खिशात घेऊन फिरायचा.

दिवाळीच्या सुमाराला लतिकाचा फोन आला. "अक्का, रागावू नको हं. तो आंब्याचा प्लॉट आम्हीच घेतला. दाजींचं काही ठरेना, मास्तर थांबेनात. हे म्हणाले, परक्याच्या घशात जाण्यापेक्षा घरात राहिला तर काय वाईट?"

"बरं केलंत," गिरिजा म्हणाली. फोन ठेवून ती आत गेली आणि चिंच घेऊन पाटी घासत बसली. मुरलीधर दारात उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "कोल्हापूरचं कोटेशन जास्त चांगलं आहे." तिनं मान वर केली नाही.

पुढच्या सुट्टीत कोल्हापूर पाहिलं. प्लॉट बरा होता, पण तोवर गोव्याचा आकडा हाती आला आणि तो आणखी कमी निघाला. त्याच्या पुढच्या सुट्टीत फोंड्याला एक बसकं, देखणं घर मिळत होतं. तिथं मुरलीधरांना कुणीतरी सांगितलं की मालक परदेशात आणि घराला कुलूप, अशा घराला सूट कसली? म्हणजे राहायला येईपर्यंत पट्टी पुरी भरायची, तीही न राहता. हे तर त्यांच्या डोक्यातच बसेना. "परत आल्यावरच घेऊ," ते म्हणाले. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." आखातात दोन वर्षांचा प्रश्न कधी दोन वर्षांत सुटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पाटी दर खेपेला विमानात बसली आणि दर खेपेला परत आली.

मग मुलगा, सिद्धार्थ, ऑस्ट्रेलियाला शिकायला गेला. फी डॉलरमध्ये, ती दिऱ्हमात, मग रुपयांत करून मुरलीधर रात्री पाणी प्यायला उठायचे. साठवलेलं सगळं तिकडे वाहून गेलं, आणि इकडे जमिनीचे भाव असे चढले की जुना तीन रकान्यांचा कागद पाहून हसू यावं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "पप्पा, जस्ट रेंट समथिंग नाइस. व्हॉट्स द बिग डील?" त्याचंही बरोबर होतं. त्यानं जन्मात स्वतःचं दार पाहिलं नव्हतं, मग चुकल्यासारखं त्याला वाटावं तरी कशाला?

शेवटी लतिकाच म्हणाली, अक्का, आमची माडी रिकामी आहे, या इकडंच. आंबा अजून आहे. गिरिजानं हो म्हटलं. ज्या दिवशी हो म्हटलं, त्याच दिवशी पहिलं खोकं उघडून सगळ्यांत आधी तिनं तळाला पाटी घातली. "माडीला बाहेरून वेगळा जिना आहे म्हणे," ती म्हणाली. "म्हणजे दारही वेगळंच की."

मुरलीधरांना वाटलं, चला, उशिरा का होईना.

आणि मग गेल्या आठवड्यात लतिकाच्या नवऱ्याचा, देवदत्तचा फोन आला होता. गिरिजा तेव्हा भाजीला गेली होती.

"दाजी, एक सांगायचं राहिलं," देवदत्त आढेवेढे घेत म्हणाला. "घरपट्टीला आम्ही 'मालक स्वतः राहतो' असं लावलंय. सूट मिळते. कार्पोरेशनचा माणूस अधूनमधून बघून जातो. वर दुसरं नाव दिसलं की तो भाडेकरू धरणार. तेव्हा कुणी विचारलंच, तर पाहुणे म्हणून सांगा. आणि दारावर नाव-बिव तेवढं लावू नका."

"जो काय फरक पडेल तो मी भरतो," मुरलीधर घाईनं म्हणाले.

"पैशाचं नाही ओ, दाजी. एकदा दुसऱ्याचं नाव कागदावर चढलं की उद्या पोरांना निस्तरायला नको. तुम्हाला तर हे सगळे नियम माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

ठाऊक होते. तीन राज्यांचे ठाऊक होते. देवदत्तच्या जागी असते तर तेही हेच बोलले असते, ह्याचंच त्यांना जास्त लागलं. गिरिजा भाजी घेऊन आली तेव्हा त्यांनी फोनचं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता खोक्यांना टेप लागली.

"अंकल, ॲड्रेस," वासिफ म्हणाला.

मुरलीधरांनी चष्मा चढवला. "लिही. देवदत्त शहापूरकर." पुढचा पत्ता त्यांनी सावकाश सांगितला.

"तुमचं नाव खाली टाकू? केअर ऑफ करून?"

"नको. नुसतं त्यांचंच."

"का ओ?" गिरिजा स्टुलावरून म्हणाली. "टाकू दे की. सामान आपलं आहे."

"नको म्हणतो ना."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं फुकट मिळणारी गोष्ट कधी नाकारली नव्हती. "काय झालंय?" तिनं विचारलं.

मग तिथंच, टेपच्या रिळांमध्ये आणि वजनकाट्यापाशी उभं राहून, मुरलीधरांनी तिला सांगितलं. पाहुणे म्हणून राहायचं. दारावर नाव लावायचं नाही. वासिफ समजूतदार होता, तो उगाचच मोबाइलची बटणं दाबत राहिला.

गिरिजानं विचारलं, "त्यांचं स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे, विचारलंत कधी?"

"पूर्वेला," मुरलीधर म्हणाले. हे त्यांना माहीत होतं. वास्तुशांतीचा फोटो आला होता तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं, आणि तो फोटो तिच्यापुढं दोन दिवस उशिरा ठेवला होता.

तिनं मान हलवली. उठून ती खोक्यापाशी आली. "वासिफ, हे उघड बाबा."

"आंटी, टेप मारली ना! यल्ला, कटऑफ टाइम झालाय, गाडी येईल आता."

"परत मार. टेपचे पैसे देते."

वासिफनं चाकूनं टेप कापली. गिरिजानं वरचे कुकर-डबे हलवलेही नाहीत. बाजूनं हात खाली घातला, कोपरापर्यंत, आणि न बघता साडीची घडी ओढून काढली. पाटी आजही लखलखत होती.

"तिथं लावायची नाही तर वजन कशाला?" ती म्हणाली. "तेवढेच पैसे वाचतील तुमचे."

ती टोचायला बोलली नव्हती. टोचायला बोलली असती तर बरं झालं असतं, असं मुरलीधरांना वाटलं. त्यांना तिचा हात धरावासा वाटला, पण दुकानात माणसं होती. त्यांनी खिशातून पैसे काढले आणि चारच्या भावानं, एक दिऱ्हमही कमी करून न घेता, काउंटरवर ठेवले.

वासिफनं तिन्ही खोक्यांवर पत्त्याचे कागद चिकटवले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात देवदत्त शहापूरकर. "टेन्शन नको, आंटी," तो म्हणाला. "इन्शाल्ला, थेट तुमच्या दारात उतरवतो."

"उतरव," गिरिजा म्हणाली.

ती पुन्हा स्टुलावर बसली. खोकी गाडीत चढेपर्यंत तिला थांबायचं होतं. सवयीनं तिनं पदराच्या टोकानं पाटी पुसली, खाचांतून एकदा बोट फिरवलं, आणि ती पालथी करून मांडीवर ठेवली.