मुकादमाचा विमा

हप्ता वाढल्याचं पत्र दर वर्षी यायचं आणि दर वर्षी ते वाचून मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मग निमूटपणे पैसे भरायचे. या वर्षी मात्र आकडा बघून मी मटकन खालीच बसले. कुत्र्याचा विमा माझ्या स्वतःच्या विम्यापेक्षा महाग झाला होता. कारण काय दिलं होतं, तर 'वाढते वय'. जणू जगात वय फक्त आमच्या मुकादमाचंच वाढत होतं आणि कंपनीतले सगळे साहेब अजून पाळण्यात होते.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक होते, तेव्हा एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात त्यांना हे पिल्लू सापडलं होतं. अंगभर ग्रीस. डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. मोठा झाला तसा घरात येणाऱ्या प्रत्येक कामकऱ्याच्या डोक्यावर उभा राहायला लागला. नळ दुरुस्त करणारा आला की त्याचं काम संपेपर्यंत हा समोर बसून. म्हणून मुकादम.

पुढे ह्यांना अपघात झाला. दुसऱ्या एका मेकॅनिकने ब्रेक न तपासताच 'तपासला' म्हणून सही ठोकली होती. त्या सहीवर भरवसा ठेवून हे शाफ्टमध्ये उतरले आणि वरून केबिन सुटली. जीव वाचला, पण डावा कान कायमचा गेला आणि उजव्याला जेमतेम ऐकू येतं. नोकरी गेली. आता घरी बसून लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, सकाळची गेलेली संध्याकाळी येते. दिवसभर घरात ह्यांना कान होता तो मुकादमाचाच. दाराची बेल वाजली, फोन वाजला, दूध उतू गेलं, की तो येऊन ह्यांच्या गुडघ्याला नाक लावायचा. कोणी शिकवलं नव्हतं. एकदा आतल्या खोलीत वायर जळत होती, तेव्हा ह्यांची विजार दातात धरून ओढत नेलं त्याने. त्या दिवसानंतर कामावर मला निदान श्वास घेता यायला लागला.

तर विमा चालू ठेवायचा की नाही, हा प्रश्न होता. सल्ला द्यायला माझा धाकटा भाऊ हजर झाला. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात, फक्त स्वतःच्या नोकरीचं सोडून.

"ताई, जुनी कंपनी सोड. नवीन एक निघालीय, निम्म्यात काम होतं."

"जुनंच राहू दे," हे म्हणाले. "इतकी वर्षं झाली, ते आपल्याला ओळखतात."

"ओळखतात म्हणूनच सोलतात," मी म्हटलं.

भावाने नव्या कंपनीच्या अटी मोबाइलवर वाचून दाखवल्या. त्यात एक होती: पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात जे दुखणं दिसेल, ते कायमचं विम्याबाहेर. "अगं, तो घोड्यासारखा आहे," भाऊ म्हणाला. "एका महिन्यात काय होतंय?" महिनाभर दोन्हीकडे भरायचं माझ्या जिवावर आलं. मी जुनी बंद केली आणि नवी घेतली.

दोन आठवडे झाले असतील. सकाळी चहा घेता घेता ह्यांनी मुकादमाच्या छातीवर हात ठेवला आणि कपबशी खाली ठेवली. लिफ्टच्या मोटरमध्ये बिघाड असला की हे पत्र्यावर तळहात ठेवून सांगायचे. आता तोच हात कुत्र्याच्या बरगड्यांवर होता.

"आत काहीतरी थरथरतंय," ते म्हणाले. "ठोक्याच्या मागे घरघर लागते हाताला."

मी म्हटलं, तुमचा भ्रम. पण हे उठलेच.

डॉक्टरबाई मुकादमाला लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, सोनोग्राफी केली. "हृदयाची एक झडप नीट मिटत नाहीये," त्या म्हणाल्या. "आत्ता लक्षात आलं हे नशीब. गोळ्या सुरू केल्या तर आणखी दोन-तीन वर्षं आरामात काढेल. मात्र गोळ्या जन्मभर, आणि तपासण्याही वरचेवर. विमा आहे ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरवर चालणारी त्यांची बोटं थांबली.

"महिना संपायला किती अवकाश आहे?"

"दोन आठवडे."

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी आज त्याची नखं कापली, एवढंच लिहिते. गोळ्या देता येणार नाहीत, कारण चिठ्ठीवर तारीख येते. दोन आठवड्यांनी या. पण मधे खोकायला लागला, तर एक दिवससुद्धा थांबू नका. खोकला म्हणजे पाणी फुप्फुसाकडे निघालं. मग विमा गेला खड्ड्यात."

ह्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. खाली रस्त्यावर आल्यावर मी सांगायला लागले. अर्ध्या कानाच्या माणसाबरोबर कट करायचा म्हणजे ओरडून करावा लागतो. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मी ह्यांना एका बंद दुकानाच्या पायरीवर ओढलं.

"म्हणजे तपासलं असताना तपासलं नाही, असं लिहायचं," हे म्हणाले.

"हो."

"माझ्या वेळी त्या मेकॅनिकने उलटं लिहिलं होतं. तेवढाच फरक."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या तत्त्वांवर गोळ्या मिळणार आहेत का त्याला? सांगा ना, कुठल्या दुकानात मिळतात? मी रांग लावते!"

मुकादम आमच्या दोघांच्या मधे बसून आळीपाळीने तोंडाकडे बघत होता. भांडण झालं की त्याला ते संपेपर्यंत हजेरी लावायचीच असायची. ह्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी आपणहून कोणाला सांगणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि एक लक्षात ठेव, खोकला तुलाच ऐकायचाय. मला येणार नाही ऐकू."

"कान देऊन राहीन," मी म्हटलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वरखाली केलेला माणूस आता कुत्र्याला उचलून जिने चढत-उतरत होता. शेजारी हसायचे, "मुकादमाला बढती मिळाली वाटतं!" हेही हसायचे. संध्याकाळी मी घरी आले की पायातल्या चपला काढायच्या आधीच विचारायचे, "सकाळपासून तू बाहेर होतीस. आता जरा ऐक. खोकतो का?"

पहिला आठवडा तो खोकला नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा जेवण झाल्यावर मोरीशी जाऊन त्याने मान लांब केली आणि घशात काही अडकल्यासारखा आवाज काढला. मी भांडी घासत होते. माझे हात तसेच राहिले. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय गं? काही आवाज?"

"नाही," मी म्हटलं.

पाच दिवसांचा तर प्रश्न होता. पाच दिवसांनी राजरोस डॉक्टरकडे नेता आलं असतं, सगळ्या गोळ्या, सगळ्या तपासण्या, दोन-तीन वर्षं. आज नेलं तर चिठ्ठीवर आजची तारीख पडली असती आणि पुढचं सगळं आमच्या अंगावर. माझ्या पगारात ते किती महिने निभलं असतं? मी स्वतःला हेच सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी तो दोनदा खोकला. तिसऱ्या दिवशी मी मोजलं नाही. ह्यांनी विचारलं, मी "नाही" म्हटलं. तो खोकताना ह्यांची पाठ त्याच्याकडे असेल एवढं मी बघत होते. कधी हाक मारायचे, कधी पंखा बघायला सांगायचे. माझ्याच घरात मी चोरासारखी वावरत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी कामावरून आले तर हे दारातच उभे.

"कंपनीचा फोन आला होता," ते म्हणाले.

"कुठल्या कंपनीचा?"

"विम्याच्या. मुकादमानेच उठवून नेलं मला फोनकडे. मुलगी बोलत होती, चांगली मोठ्याने बोलली बिचारी. म्हणाली, आमच्याकडे नवीन आलात, स्वागत. मग म्हणाली, तुमचा कुत्रा कसा आहे, काही त्रास नाही ना?"

"आणि तुम्ही?"

"तिने विचारलं. मी सांगितलं."

सगळं सांगितलं होतं त्यांनी. ज्या प्रश्नाला जगातला प्रत्येक माणूस 'छान आहे' म्हणून फोन ठेवतो, त्याचं ह्यांनी लिफ्टचा अहवाल द्यावा तसं उत्तर दिलं होतं. थरथर कधी जाणवली, हाताला कशी लागते, डॉक्टर झडप म्हणाल्या. त्या मुलीलाच बहुतेक घाम फुटला असेल. ती म्हणाली, मला हे नोंदवावं लागेल. हे म्हणाले, नोंदवायलाच हवं.

"तिला हेही सांगितलं, खोकला अजिबात नाही," हे म्हणाले. "म्हटलं, माझी बायको रोज कान देऊन असते."

मी पिशवी भिंतीवर फेकली. तोंडाला येईल ते बोलले. "दोन दिवस राहिले होते! दोन दिवस! दिवसभर काही ऐकू येत नाही तुम्हाला, नेमकं तेवढं बरं ऐकू आलं!" हे मी बोलले. त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून, मुद्दाम मोठ्याने.

त्यांनी पिशवी उचलून खुंटीला लावली. मग म्हणाले, "आता लपवायला काही राहिलं नाही ना? मग सोमवारी सकाळी उघडल्या उघडल्या त्याला नेऊ. गोळ्या सुरू करू. मी अजून दोन दुकानांचे मिक्सर घेईन. खोकला नाही तोवर भीती नाही."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं की तीन दिवसांचा हिशेब द्यावा लागला असता, आणि एवढं बोलून झाल्यावर तो द्यायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "हो, सोमवारी."

रविवारी दुपारी मुकादम उठलाच नाही. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून श्वास ओढत होता, आणि जीभ निळसर झाली होती. दाराची बेल वाजली. त्याने डोकं उचललं, ह्यांच्याकडे बघितलं आणि उठायचा प्रयत्न केला. पाय घसरले. कोण आलं होतं ते आम्ही पाहिलंच नाही. ह्यांनी त्याला उचललं आणि जिने उतरायला लागले.

डॉक्टरबाईंचा दवाखाना बंद. गावाबाहेर प्राण्यांचं एक मोठं इस्पितळ रविवारीही उघडं असतं, तिथे गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता, चेहऱ्याने दमलेला. मुकादमाला प्राणवायूच्या काचेच्या पेटीत ठेवलं. छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती.

"पाणी भरलंय," तो म्हणाला. मी ते ह्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं. "आज रात्र काढली तरी पुढे असंच होत राहणार. त्याला गुदमरायला लावायचं नसेल, तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणंच बरं. तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर औषधाने पाणी उतरलं असतं."

मी ते शेवटचं वाक्य सांगितलं नाही. पण डॉक्टर बोलत असताना हे त्याच्या ओठांकडे बघत होते.

संमतीचा फॉर्म समोर आला. डॉक्टरने पेन काढलं आणि ह्यांच्याकडे झुकून मोठ्याने विचारलं, "खोकला कधीपासून होता?"

मला वाटलं, आता माझ्याकडे वळतील आणि विचारतील, तू सांग, कान तुझे होते. ते वळले खरे. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते आणि रडत होते, आणि दोन्ही हात एकमेकांत इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. किती वेळ बघत होते कोण जाणे. जे कळायचं होतं ते त्यांना कळलं.

"खोकला नव्हता," ते डॉक्टरला म्हणाले. "आज दुपारी पहिल्यांदा. त्याआधी काहीच नाही."

"नक्की? असं अचानक सहसा होत नाही."

"माझी बायको रोज ऐकत होती. खोकला असता तर तिने सांगितलं असतं."

डॉक्टरने लिहिलं. ह्यांनी फॉर्म जवळ ओढला, चष्मा लावला, लिहिलेलं पूर्ण वाचलं आणि खाली सही केली. मग पेटीकडे गेले आणि दार उघडायला सांगितलं. मी शेजारीच उभी होते, आणि मी त्यांना सही करू दिली.