मामंजींचा श्वास

मामंजी म्हणजे आमचं कासव. खरे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जाऊन जमाना झाला. पण हेही अगदी त्यांच्यासारखेच. हाक मारली की मान आत, आणि जेवणाच्या वेळेला मात्र बरोबर हजर. एकदा यांनी मांजराला शर्यतीत हरवलं होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मांजर झोपलं होतं हे खरं, पण हरलं ते हरलंच की!

तर थंडीत मामंजी पानांच्या ढिगात शिरून झोपले आणि ऊन तापायला लागलं तरी उठेनात. मुलाने पाय ओढून पाहिला, डोळ्याला बोट लावून पाहिलं. "आई, गेलंय ते," म्हणाला आणि कुंपणाशी खड्डा खणायला घेतला.

"बाबा, थांबा!" नात धावत आली. ती प्राण्यांच्या कॉलेजात शिकते. कुठलं जनावर किती हवा खातं, त्यावरून त्याच्या अंगातली चूल किती पेटलीय ते मोजायचं, असलं काहीतरी. "मी कॉलेजात नेऊन मोजून आणते. जिवंत असेल तर तिथल्या बंद पेटीतला ऑक्सिजन कमी होईल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर तुमचा खड्डा आहेच."

असं म्हणत तिने मामंजींना उचलून छातीशी धरलं. ही पोर चालायला शिकली ती त्यांच्याच मागे मागे.

मीही निघाले. म्हाताऱ्याला म्हातारीची सोबत.

कॉलेजाच्या प्रयोगशाळेत काचेची पेटी होती. झाकणाच्या कडेला नातीने व्हॅसलीन फासलं, हवा आतबाहेर होऊ नये म्हणून. मी पिशवीतली ओली पानं पेटीत पसरली.

"आजी, पानं कशाला?"

"असू दे ग. घरचं अंथरूण आहे. परक्या काचेवर झोप लागते होय कुणाला?"

तिने हसून झाकण लावलं. मग नुसतं बसायचं. चहा झाला, माझ्या दोन गोष्टी सांगून झाल्या, आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूच खाली सरकला. मग आणखी खाली.

"बघ! म्हटलं नव्हतं? आता बापाला फोन लाव."

पण तिने फोन उचलला नाही. पानांकडे बघत बसली. "आजी, ही पानं कुजताहेत. त्यांत बारीक जीव असतात, तेही हवा खातात. नुसती पानं मोजायला हवीत."

"कशाला? मनासारखं उत्तर आलंय ना? झाकलं ते राहू दे झाकलेलं."

"मनासारखं आलंय म्हणूनच."

तिने मामंजींना उचलून टेबलावर ठेवलं आणि नुसती पानं मोजली. आकडा तस्साच खाली आला. म्हणजे मघाचा श्वास पालापाचोळ्याचा! आयुष्यभर मी लोकांना थापा मारल्या, पण पानांनी मला थाप मारावी?

"आता उघडेच मोजते त्यांना," ती म्हणाली. पेटी पुसली, आधी रिकामी मोजली. आकडा जागचा हलला नाही. मग मामंजींना आत ठेवलं. कोऱ्या काचेवर, एकटे.

मी गोष्ट सुरू केली तशी तिने माझा हात धरला. "आत्ता नको ग." मग मीही गप्प. एवढा वेळ मला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नसेल.

आकडा ढिम्म. तिच्या मॅडम दोनदा डोकावून गेल्या. आणि मग शेवटचा अंक एका घराने उतरला. मी उडालेच, पण ती नाही. मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याशावर बोलू नकोस. परत कर."

परत केलं. पुन्हा तेवढाच उतरला, मुंगीएवढा. मॅडमनी नुसती मान डोलावली. तेव्हा कुठे नातीने डोळे पुसले.

घरी मुलगा फावडं टेकून उभाच होता. मी दारातूनच ओरडले, "जिवंत आहेत रे!"

"आई, तुझं राहू दे." तो लेकीकडे वळला. "तू सांग."

"श्वास थोडासा आहे, बाबा. पण आहे. झोपलेत अजून."

त्याने माती परत खड्ड्यात लोटली.

मी यात पदरचं काही घातलेलं नाही. शेजारणीला तेवढं सांगितलं, की मामंजी पेटीत घोरत होते.