टोपलीतली रानमांजरं

प्रेरणाच्या पायाला भिंगरी होती. नेरमध्ये जखमी, चुकल्यामाकल्या रानजनावरांसाठी धावणारी जी चार-पाच माणसं आहेत, त्यांत धावायचं काम निघालं की ही सगळ्यांच्या पुढं. थांबायचं निघालं की हिला शिक्षा.

त्या दिवशी तूर सोंगताना मारोतरावांच्या वावरात रानमांजराची दोन पिल्लं सापडली. प्रेरणा पोचेपर्यंत त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी, वावरालगतच्या घरी मायेपोटी घोळ घालून ठेवला होता. दोन्ही पिल्लांना साबणानं आंघोळ आणि कपाळाला काजळाची तीट!

"दिष्ट लागन म्हून लावली वं," त्या म्हणाल्या.

प्रेरणानं कपाळावर हात मारला. साबणाच्या वासाची पिल्लं आई ओळखणार कशी? आणि तिनं नाही नेली तर बाटलीच्या दुधावर वाढून जन्मभर पिंजरा. तिनं तीट पुसली, दोघांना वावरातल्या मातीत घोळवलं आणि सापडली तिथंच टोपलीत ठेवलं.

गटाचे म्होरके, मेकॅनिक अब्दुल गनी, फोनवर म्हणाले, "ठेवली ना? आता निघ तिथून."

"जरासं पाह्यतो ना, चाचा."

ती बांधाआड बसली. बसते कसली! उठली, टोपलीत डोकावली, परत बसली. उन्हं उतरल्यावर मांजरी आली. वास घेतला, शिंकली आणि एक पिल्लू मानेला धरून उचललं. प्रेरणाला इतका आनंद झाला की ती ताडकन उभीच राहिली. मांजरी त्या एका पिल्लासकट तुरीत गडप.

दुसरं केकाटत राहिलं. गारठा वाढला, मांजरी काही परतेना. प्रेरणाचा जीव खालीवर होऊ लागला. उचलावं, जॅकेटात घालावं, घरी न्यावं. हात टोपलीपर्यंत गेलेही. शेवटी तेच हात खिशात कोंबून ती उठली आणि रडकुंडीला येऊन स्कूटी चालू केली.

डांबरी रस्ता लागतो न लागतो तोच बेबीताईंचा फोन.

"नेलं वं माय! तुई गाडी वळली अन् आली. मघापासून तुरीच्या गंजीमागं बसून होती, ओट्यावरून मले दिसे. तुया जायाचीच वाट पाहून राह्यली होती."

प्रेरणानं गाडी बाजूला घेतली. हसू आलं, आणि लाज तर इतकी वाटली की कान तापले. मग ती रिकामी टोपली एकदाच डोळ्यांनी बघावी असं वाटलं. हँडल वावराकडं वळलंसुद्धा.

"बस कर वं, प्रेरणे," ती स्वतःवरच खेकसली आणि नेरकडं निघाली.