लॅमसचा पाव कुणी खाल्ला नाही

घाबरू नका, बोलतोय तो मी, तीन पायांचा लोखंडी हंडा. सध्या एका मोटारीच्या डिकीत, घोंगडीखाली पडून आहे. कुठे नेताहेत ठाऊक नाही. जीव घाबरा झालाय, म्हणून बोलतोय.

मी मूळचा कॉर्नवॉलमधल्या एका शेतघरातला. तिथे वर्षानुवर्षं मटणाचा रस्सा शिजवला. मग भोक पडायच्या बेतात आलो, तेव्हा कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात टाकलं. तिथून मला केरेन्साने आणलं. ती विक्का पंथाची. ही माणसं ऋतूंची पूजा करतात, वर्षाला आठ सण; लोक त्यांना चेटकिणी म्हणतात. तिने मला वाळूने घासलं, तेल चोळलं आणि मी पुन्हा माणसांत आलो.

फेब्रुवारीत इम्बोल्क आला की माझ्यात पाणी भरून मेणबत्त्या तरंगवायच्या. मे महिन्यात बेल्टेनला माझ्यात छोटासा जाळ करायचा आणि एकेकाने वरून उडी मारायची. केरेन्सा आपल्या चिमुरड्या मेरिनला कडेवर घेऊन उडी मारायची. पोरगी खिदळायची.

"अगं, झगा सांभाळ!" म्हातारी ऑलिव्ह ओरडायची. ती निवृत्त नर्स, एकत्र सण करणाऱ्या त्यांच्या मंडळातली सगळ्यांत मोठी. "भाजलीस तर मलमपट्टी करणार नाही हं मी!"

मग ते वर्ष आलं. चेटकिणी मुलांचा छळ करतात, असं रोज पेपरात छापून येऊ लागलं. शेजारणीने आपल्या मुलीला मेरिनकडे खेळायला पाठवणं बंद केलं. आणि एके दिवशी बालकल्याण कचेरीचं पत्र आलं.

केरेन्साने ते पत्र ऑलिव्हपुढे ठेवलं. "मी हा हंडा जवळच्या बंद खाणीत टाकून येते."

"आणि कुणी बघितलं तर?" ऑलिव्ह म्हणाली. "राहू दे तिथेच. आले की चहा दे आणि खरं काय ते सांग."

ते आले नेमके लॅमसच्या सकाळी. लॅमस म्हणजे कापणीचा सण. नव्या गव्हाचा, माणसाच्या आकृतीचा पाव खिडकीत निवत होता. फाईलवाले साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्यात डोकावले.

"यात काय करता बाई?"

केरेन्सा घाईने म्हणाली, "काही नाही. फुलझाडं लावते."

"नाही गं आई!" सहा वर्षांची मेरिन मध्येच म्हणाली. "यात जाळ करतो ना आपण? तू मला घेऊन उडी मारतेस!"

साहेबांनी पेन उघडलं. "लपवलंत का?"

"भीती वाटली हो. तुम्हाला समजणार नाही, असं वाटलं."

ते खरं होतं, पण उशिरा बोललेलं. त्याच दुपारी मेरिनला गाडीत बसवून नेलं. तिचा एक बूट पायरीवरच राहिला.

केरेन्साने पावाला कुणाला हात लावू दिला नाही. तो खिडकीतच वाळला, मग त्याच्यावर बुरशी चढली. अकरा दिवस ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून होती.

काहीच सिद्ध झालं नाही. बाराव्या दिवशी मेरिन परतली. मला वाटलं, धावत येईल, माझ्यात तोंड घालून हाका मारेल. तिने मला पाहिलं आणि आईच्या मागे लपली.

"रोज या हंड्याचं चित्र काढायला लावायचे," ती पुटपुटली. "आत कोण होतं, ते आठव म्हणायचे."

"कोण होतं गं?"

"कुणी नाही. पण आता मला दिसतं."

केरेन्साने मला पुन्हा कधी पेटवलं नाही. ऑलिव्हने मला आपल्या पडवीत नेलं. पुढे केरेन्सा सण करी, पण एकटीच, पडदे लावून.

गेल्या महिन्यात ऑलिव्ह गेली. आज मायलेकी तिचं घर आवरायला आल्या. मेरिन आता चाळिशीची.

"आई, त्याला मी हात लावणार नाही."

"नको लावूस. मी उचलते." पण केरेन्साची कंबर आता पूर्वीची नाही. ती वाकली आणि कण्हत तशीच थांबली. मेरिनने डोळे मिटले, स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढल्या आणि माझा दुसरा कान धरला.

गाडी सुरू झालीय. पुढे दोघी हळू बोलताहेत, मला ऐकू येत नाही. मेरिन, भंगारात घालायचं तर खुशाल घाल. एवढंच सांगतो, पोरी, आत कधीच कुणी नव्हतं.